दर्याबाबाचं धुक्यातलं मौन

धक्क्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. जाळी विणणारे, दुकानदार, पोस्टमन, शाळेच्या मास्तरीणबाई, सगळे दाटीवाटीने बसलेले. मधे चटईवर दर्याबाबा. डोळे अर्धे मिटलेले, आणि दाढी अशी की चिमण्यांनी तिच्यात दोन पिढ्यांचा संसार केला असता.

एकाएकी तो ताठ झाला. हात उत्तरेकडे गेला.

"येतायत. उत्तरेकडून येतायत. दर्या माझा थोरला भाऊ. त्याने आत्ता कानात सांगितलं."

माणसं खंदकाकडे धावली. सरकारचा भोंगा वाजला तो त्यानंतर. आणि विमानं आली ती उत्तरेकडूनच.

आता बोला. एकदा नाही, दरवेळी असंच. गाव वेडं होईल नाही तर काय? रेशनची साखर घरात जपून ठेवायची आणि बाबापुढे मूठ-मूठ ओतायची. त्याच्या भावाला, म्हणजे समुद्राला, गोड लागते म्हणे. समुद्र काही गोड झाला नाही, बाबाचं पोट तेवढं पुढे आलं.

लढाईचे दिवस होते. हे आघाडीवर. घरात मी, सासूबाई आणि माझं तान्हं. भांडं पडलं तरी मला वाटायचं, बॉम्ब पडला. सासूबाईंचा खंदकात जीव गुदमरतो, म्हणून त्या बाळाला घेऊन सबंध दिवस बाबाजवळ बसायच्या. बाबा गप्प तर धोका नाही, असा त्यांचा हिशोब.

मी कामाला कड्यावर. गावामागच्या कड्यावर लष्कराने नवं ठाणं उभं करायला घेतलं होतं. रस्ता नाही. पेट्या बोटीने यायच्या आणि आम्ही बायका-बाप्ये त्या दोरांनी वर ओढायचो. एक पेटी तर इतकी जड, की पेटी वर येतेय की कडा खाली जातोय ते कळेना. वर पत्र्याची खोली झाली, आणि खोलीच्या डोक्यावर लोखंडी चौकट बसली, कपडे वाळत घालायच्या घोडीसारखी. ती गोल फिरवायची होती. पण फिरवायची मोटर उतरवताना बोटीतून निसटली आणि बाबाच्या थोरल्या भावाने गिळली. मग मिस्त्रीने खोलीत सायकलची पायंडलं बसवली.

"मारणार कोण?" साहेबाने विचारलं.

"ही," मिस्त्री माझ्याकडे बघून म्हणाला. "हिचे पाय बघा. बैल लाजतील."

झालं. मी पायंडल मारायचे, चौकट वर संथ फिरायची. समोर चष्मेवाली ताई काचेच्या पडद्यावरच्या हिरव्या रेघेकडे टक लावून बसायची. रेघेवर कोंब फुटला की म्हणायची, "थांब. जरा मागे. आता पुढे. पुन्हा मागे." मी चौकट तशी डुलवायचे, दिशा नक्की व्हायची. मग ताई शहरात फोन करायची, तिथून हुकूम यायचा, आणि मग गावात भोंगा. त्या यंत्राला रडार म्हणतात हे मला फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच बजावलेलं, की बाहेर ब्र काढलास तर तुरुंग.

एक दिवस माझ्या पोटरीत असा गोळा आला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. पाय अडकला. सोडवायला मी पायंडल मागे-पुढे, मागे-पुढे केलं. आकाशात कावळासुद्धा नव्हता.

घरी गेले तर सासूबाई खुशीत. "आज बाबांनी कमाल केली. पश्चिमेकडून येत होती विमानं. बाबांनी नुसतं डोळे वटारून परतवली."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. मला गोळा आला तेव्हा चौकटीचं तोंड पश्चिमेलाच होतं. म्हणजे समुद्र-बिमुद्र काही नाही. मेला अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी आमच्या चौकटीकडे बघत बसायचा. ती थांबून डुलायला लागली की हा ओरडायचा. फोन शहरात पोचायच्या आत.

"आई, उद्यापासून बाळाला तिथे नका नेऊ," मी म्हटलं.

"का गं?"

का ते सांगायची सोय नव्हती. "तो लबाड आहे."

"चार पेट्या काय ओढल्यास, लगेच शहाणी झालीस का? तुझं सरकार उशिरा सांगतं, तो आधी सांगतो. नातवाचा जीव मी कुणाच्या भरवशावर ठेवू?"

दुसऱ्या दिवशी धुकं पडलं. असं दाट, की स्वतःचा हात स्वतःला अनोळखी वाटावा. मी पायंडल मारत होते. ताई एकदम पुढे वाकली.

"थांब. मागे. पुढे. खूप आहेत गं."

"ताई, एवढ्या धुक्यात दिसतं तुम्हाला?"

"विहिरीत हाक मारली की परत येते ना, तसं आहे हे. हाकेला धुकं आडवं येत नाही."

आणि मला एकदम बाबा आठवला. हाकेला येत नाही, पण डोळ्यांना येतं. खाली बाबाला चौकट दिसत नसणार. म्हणजे तो गप्प असणार. म्हणजे भोंगा वाजला तरी सासूबाई जागच्या हलणार नाहीत, आणि बाळ त्यांच्या मांडीवर.

मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. साहेब दारातच होता. त्याचा चेहरा उतरला.

"त्या बुवाला कळतं ते शत्रूच्या दुर्बिणीलाही कळत असणार," तो म्हणाला आणि स्वतः पायंडलावर बसला. "पळ. सगळं सांग त्यांना."

मी कड्यावरून उतरले नाही, घसरले. वाट दिसत नव्हती. कोपरं सोलली, चप्पल कुठे गेली देव जाणे. भोंगा वाजायला लागला होता. धक्क्यावर पोचले तर सगळे बसलेले. शांत. देवळात बसावं तसे.

"उठा," मी म्हटलं. "आई, बाळाला द्या इकडे."

"हळू बोल. बाबांचं मौन आहे."

"धुकं पडलं की बरं मौन असतं. आठवा, धुक्यात कधी बोललाय का हा?"

मास्तरीणबाईंनी मान वळवली. "खरंच. कधीच नाही."

"बाबा," मी म्हटलं, "तुमच्या भावाला विचारून सांगा, कुठून येतायत?"

बाबाने डोळे उघडले आणि सवयीने कड्याकडे बघितलं. सगळ्यांनी त्याला तिकडे बघताना पाहिलं. तिकडे नुसता पांढरा कापूस.

तेवढ्यात घरघर सुरू झाली. कुठून ते कळेना, जणू धुकंच गुरगुरतंय. बाबा उठला. दाढी काखेत मारली आणि खंदकाकडे असा सुटला, की लढाईत घोड्यांऐवजी त्यालाच जुंपला असता तर आपण कधीच जिंकलो असतो. सासूबाईंनी रिकाम्या चटईकडे बघितलं, बाळ माझ्या छातीशी दिलं आणि लुगडं खोचून धावत सुटल्या. मागोमाग अख्खं गाव.

खंदकात काळोख. जमीन दणकली, डोक्यावर माती पडली. बाळ रडेना, म्हणून मी त्याच्या नाकापाशी गाल धरून बसले. गालाला त्याचा श्वास लागला तेव्हा मीच रडले. बाहेर आलो तेव्हा धक्का अर्धा उरला होता. चटईच्या जागी पाणी.

आणि बाबा? म्हणे, "मी तुम्हाला वाट दाखवायला पुढे धावलो." लोक माना डोलवायला लागले होते, खरं सांगते.

सासूबाई मात्र कड्यावर साहेबाला भेटायला गेल्या. ऊन पडल्यावर परीक्षा ठरली. चौकट तशीही दुसऱ्या दिवशी ताडपत्रीने झाकणारच होते. मी वर पायंडलावर. खाली सासूबाईंनी बाबाला कड्याकडे पाठ करून बसवलं. मी चौकट डुलवली. बाबा ढिम्म. मग त्यांनी त्याला खांदे धरून फिरवलं.

"दक्षिणेकडून येतायत," बाबा ओरडला.

कुणी हललं नाही. आकाश निळंशार. सासूबाई म्हणाल्या, "तिथे विमान नाही बाबा, माझी सून आहे. तिने पाय थांबवले की तुमचा भाऊ बोलतो." मग त्यांनी लोकांना चौकट दाखवली आणि बाबाला पुन्हा पाठमोरं करून, पुन्हा फिरवून, सगळ्यांचं समाधान होईपर्यंत तेच केलं. संध्याकाळपर्यंत बाबा गावाबाहेर होता. साखरेसकट.

मांडीवरचं ते बाळ म्हणजे तुमचा बाप, पोरांनो. तेव्हा एक ऐका. भ्यायलेल्या माणसाला कुणीतरी सगळं कळणारा हवाच असतो, त्यात लाज नाही. पण तो शंभरदा खरा ठरला तरी एकदा विचारा, तुला कसं कळलं? आणि उत्तर देताना त्याच्या तोंडाकडे बघू नका. तो कुठे बघतोय, तिकडे बघा.