वास्टल गोळ्या खात नाही

मी एक म्हातारा घोडा आहे, मित्रांनो. माझे नाव वास्टल. अंग तांबूस, आयाळ पांढरी. आता तांबूस अंगातही इतके पांढरे केस आले आहेत की लांबून पाहणाऱ्याला मी पिठाच्या पोत्यात लोळून आलो असे वाटते.

जर्मनीतल्या आल्गॉयच्या डोंगरउतारावर माझा जन्म झाला. माझा धनी बेनो याने मला जंगलातून ओंडके ओढायला शिकवले. जिथे ट्रॅक्टर घसरतो, तिथे घोडाच लागतो. बेनो फारसे बोलत नसे. काम चोख झाले की मानेवर थाप मारी आणि "बरं झालं" एवढेच म्हणे. तेवढ्यासाठी मी अख्खे जंगल ओढून आणले असते.

बेनो वारला आणि ओंडके थांबले. माझा मागचा पायही आखडू लागला. शेजारचा क्सावर कुंपणाशी उभा राहून बेनोच्या बायकोला, बुर्गीला म्हणाला, "अगं, याला आता कशाला पोसतेस? खाटकाला देऊन टाक."

"क्सावर, तुझाही गुडघा आखडलाय ना रे?" बुर्गी म्हणाली. "तुझ्या बायकोला सांगू का असंच काहीतरी?"

क्सावर हसत हसत निघून गेला. मी राहिलो.

बुर्गी जनावरांना होमिओपॅथीच्या गोळ्या देत असे. ही विद्या तिला तिच्या आईकडून मिळाली होती. दूध चोरणारी गाय, मुका मार लागलेले वासरू, फटाक्यांना भिणारा कुत्रा, असे कोणी ना कोणी तिच्या अंगणात असेच. गोळी देण्याआधी ती प्रश्न विचारी. कुठल्या कुशीवर झोपते? पाणी घटाघटा पिते की थोडे थोडे? एकटी राहू बघते का? माणसे उत्तरे देऊन दमत. मलाही रोज सकाळी पायासाठी गोळ्या मिळत. पाय सुधारला का? खरे सांगू? थंडीत तो दुखायचाच. पण बुर्गीच्या तळहाताला ताज्या पावाचा वास येई आणि गोळ्या गोड असत. मी तिची वाट पाही.

तिची लेक फ्रोनी शिकून जनावरांची डॉक्टर झाली आणि आमच्याच खोऱ्यात परत आली. लहानपणी ती माझ्या पाठीवर बसून शाळेच्या फाट्यापर्यंत जाई. गावात लोक गमतीने म्हणत, "आजार छोटा तर आईकडे, मोठा तर लेकीकडे." दोघीही हसत.

मग क्सावरची शेळी आजारी पडली. तिचे पोट फुगले होते. बुर्गीने गोळ्या दिल्या आणि म्हणाली, "थोडं थांब, उतरेल." फुगवटा उतरला नाही. फ्रोनीला बोलावले तेव्हा उशीर झाला होता.

आमच्याच अंगणात, क्सावरच्या देखत फ्रोनी ओरडली, "आई, शेळी तडफडत होती आणि तू तिला साखर चारत बसलीस!"

"साखर? तुझ्या आजीनं आयुष्यभर जनावरं बरी केली, ती साखरेनं?"

"आपोआप बरी होणारी होती, ती झाली बरी."

बुर्गीने एप्रनला हात पुसले आणि ती आत गेली. त्या दिवसापासून फ्रोनीची गाडी रस्त्याने सरळ निघून जाई. आवाज ओळखून मी कान टवकारी, पण गाडी आमच्याकडे वळत नसे.

पुढे नोव्हेंबर आला. पहिल्याच कडाक्याने हौदातले पाणी गोठले. मी पाणी कमी प्यायलो आणि एका सकाळी माझ्या पोटात अशी कळ उठली की पाय जागेवर ठरेनात. बुर्गी धावत आली. तिने माझ्या पोटाला कान लावला, मग तळहात पुढे केला. "घे राजा, नक्स व्होमिका आहे. घे."

मी मान फिरवली.

तिने सफरचंदाच्या फोडीवर गोळ्या ठेवून पाहिल्या. मी भिंतीकडे तोंड केले. तिचा हात मला नको होता असे नाही हो! पण पोटातल्या कळेपुढे दुसरे काही सुचतच नव्हते. बुर्गी तशीच उभी राहिली. इतक्या वर्षांत मी त्या हाताला कधी नाही म्हटले नव्हते. तिने गोळ्या खिशात टाकल्या आणि तिथेच उभ्या उभ्या फोन लावला.

"फ्रोनी, मी आई." तिने माझ्या आयाळीत हात खुपसला. "वास्टल... वास्टल साखर खात नाहीये गं."

साखर! गोळ्यांना तिने स्वतःहून साखर म्हटलेले मी पहिल्यांदाच ऐकले.

पलीकडून फ्रोनीचा आवाज आला, "त्याला चालव. लोळू देऊ नकोस. निघालेच मी."

ती बुटांच्या नाड्या न बांधताच आली. आईकडे न पाहता तिने माझ्या पोटाला स्टेथोस्कोप लावला आणि विचारले, "लीद कधी टाकली?"

"काल दुपारी. थोडीशीच, आणि कोरडी. सकाळपासून डाव्या कुशीकडे वळून बघतोय. पाण्याला तोंड लावत नाही."

फ्रोनीने वर पाहिले. "एवढं नीट मला कोणी सांगत नाही, आई."

सुई टोचली ती मी सोसली. पण नाकातून नळी घालायची म्हणताच मी उसळलो. तेव्हा बुर्गीने माझे डोके छातीशी घट्ट धरले आणि ती काहीतरी गुणगुणू लागली. मी थरथरत उभा राहिलो. नळीतून तेल आणि पाणी पोटात गेले. मग दोघी माझ्या दोन बाजूंना, अंगणात फेऱ्यांमागून फेऱ्या.

"सगळ्यांच्या देखत बोलले मी तेव्हा," फ्रोनी म्हणाली. "तसं बोलायला नको होतं."

"बोललीस ते खोटं नव्हतं. शेळी अजून डोळ्यांसमोरून हलत नाही माझ्या."

ऊन कलले तेव्हा मी शेपटी उचलली आणि लीद टाकली. त्या वाफाळत्या ढिगापाशी आई आणि लेक एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या, रडत होत्या. जन्मभर एवढे ओंडके ओढले, पण माझे असे कौतुक कधी झाले नव्हते.

"गोळ्या देत जा त्याला, आवडतात त्या," फ्रोनी म्हणाली. "फक्त मला आधी फोन कर."

"आधी?"

"आधी."

"बरं, डॉक्टरीणबाई!"

मित्रांनो, आम्हा मुक्या जनावरांना कुठे दुखते ते सांगता येत नाही. आम्ही चारा टाकतो, कोपऱ्यात उभे राहतो, एवढेच. ते ओळखायला कोणीतरी रोज आमच्याजवळ यावे लागते. तेव्हा येत जा. हात फिरवा, पाणी गोठले नाही ना ते पाहा. आणि आमचे दुखणे तुमच्या हाताबाहेरचे आहे असे दिसले, तर आपला मान तबेल्याबाहेर ठेवून, ज्याला उपाय ठाऊक आहे त्याला वेळेत हाक मारा. त्याच्याशी तुमचा अबोला असला, तरीसुद्धा.