तिसऱ्या घरातला पत्ता

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. भिंतीवरचा नव्हे. पुठ्ठे कापणाऱ्या यंत्राच्या संगणकात राहणारा, चार घरांचा. मला घडवले कंपायलरने, म्हणजे माणसांनी लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल असा करून देणाऱ्याने. माणसांचे लिखाण दिवसभर वाचूनही त्याचे डोके ठिकाणावर आहे, याचे मला नवल वाटते.

माझे काम समजायला फार अक्कल लागत नाही, तेव्हा तुम्हालाही समजेल. आमच्या कारखान्यात जाड पुठ्ठ्याचे यंत्र वेगळे, पातळ कागदाचे वेगळे. 'थांब' म्हटले की दोघांनी थांबायचे, पण प्रत्येकाची रीत निराळी. हुकूम सोडणाऱ्याला समोर कोण आहे हे ठाऊक नसते. म्हणून प्रोग्रॅममध्ये प्रत्येक यंत्राजवळ आपापल्या तक्त्याचा पत्ता असतो. हुकूम माझ्याकडे येतो, ठरलेले घर उघडतो आणि आत लिहिलेल्या ठिकाणी जातो. घरांवर नावे नसतात, फक्त क्रम असतो. पहिल्यात 'सुरू', दुसऱ्यात 'पाड' म्हणजे पाते खाली आण, तिसऱ्यात 'थांब', चौथ्यात 'उचल'.

यंत्राला 'थांब' सांगायला पायाने दाबायचे पेडल होते. त्या पेडलचा प्रोग्रॅम तर या हुकमाची चिठ्ठीच जवळ बाळगायचा. तिच्यावर आकडा सतरा. विषम आकडा म्हणजे हा थेट पत्ता नव्हे, तक्त्याला विचारा. एक वजा केला की उरले सोळा. माझे एकेक घर आठ जागांचे, म्हणजे सोळा जागा ओलांडल्या की दोन घरे सोडून तिसरे. यंत्र चालवणाऱ्या मावशी पेडल दाबायच्या, पाते वरच थांबायचे आणि त्या पात्याखाली हात घालून गठ्ठा सारखा करायच्या. चार वर्षांत एकदाही चूक झाली नाही. शाबासकी मिळाली ती यंत्राला. माझे नावही कोणी घेतले नाही.

मग प्रोग्रॅम सांभाळायला टापटीप साहेब आले. नाव कारखान्यानेच ठेवले होते. टेबलावरची पेनेसुद्धा ते उंचीप्रमाणे लावत. "काय हा पसारा!" म्हणत त्यांनी आमचे चार हुकूम अकारविल्हे लावले: उचल, थांब, पाड, सुरू. कंपायलरने मुकाट्याने मला त्याच क्रमाने नव्याने घडवले. पेडलचा भाग मात्र साहेबांनी पुन्हा घडवून घेतलाच नाही. "तो जुना आहे, चालतोय, राहू दे," म्हणाले. शिकलेल्या माणसाचा आळस असा सुबक असतो. चिठ्ठीवर सतराच राहिले आणि तिसऱ्या घरात 'पाड' येऊन बसला. मला हे दिसत होते, पण तक्त्याला तोंड नसते.

मावशींची एक सवय होती. यंत्राला कोणी हात लावला की पहिला गठ्ठा त्या हाताने नव्हे, लाकडी फळीने सरळ करायच्या. त्या दिवशीही त्यांनी फळीच घेतली. साहेब त्यावरही हसले. मावशींनी पेडल दाबले. पाते खाली आले आणि फळीचे दोन तुकडे झाले.

"तुमचा पाय चुकला असेल, मावशी," साहेब म्हणाले.

"चुकला नाही."

"अहो, मी फक्त क्रम लावलाय. बाकी काही बदललेलं नाही."

"बरं. मग तुम्ही हात ठेवा पात्याखाली, मी पेडल दाबते."

साहेबांनी दोन्ही हात खिशात घातले. त्या दुपारी त्यांनी पेडलसकट सगळा प्रोग्रॅम नव्याने घडवून घेतला. चिठ्ठीवर नऊ आले, 'थांब' दुसऱ्या घरात सापडू लागला. झाली चूक कबूल करणे मात्र त्यांच्या टापटिपीत बसत नव्हते.

"आता अगदी ठीक आहे," ते म्हणाले.

"मग ठेवा हात," मावशी म्हणाल्या.

साहेबांना नेमका तेव्हाच कोणाला तरी फोन करायचा होता. आजतागायत त्यांनी तिथे हात ठेवलेला नाही. मावशींना मात्र तो दर गठ्ठ्याला ठेवावा लागतो. एवढे ध्यानात ठेवा, मित्रांनो, आणि मग खुशाल आवराआवर करा.