बारा खोकी मदतीत गेली

मी साबिनाची गाय बोलतेय. तिचा भाऊ नेमेसियो म्हणेल, माझी. ह्या 'तिची-माझी'तच माझा जन्म गेला.

मी जन्मले ती नेमेसियोच्या दगडी कुंपणात. बाहेर गारा पडत होत्या. त्यानेच मला पोत्याने पुसून कोरडं केलं, तेवढं मी विसरणार नाही.

साबिनाचा नवरा खाणीवर गेला तो परत आलाच नाही. कडेवर वर्षाची रुती आणि साबिनाच्या अंगावरचं दूध आटलेलं. भेदरून तिने भावाकडून मला विकत घेतलं. किंमत ठरली अठराशे सोल, आमच्याकडचे पैसे. निम्मे तिने लगेच दिले, निम्मे पुढच्या वर्षी द्यायचे होते.

"कागद करूया का, दादा?"

"वेडी का काय! एका आईचं दूध प्यालो आपण. कागद परक्याशी करायचा."

माझं पहिलं दूध रुतीला, उरलेल्याचं चीज, ते रविवारच्या बाजारात. रुती नुसती शिंकली तरी साबिना माझ्या सडांकडे बघायची, जसं काही औषध तिथंच आहे. आणि खरंच, पोरीच्या गालांवर मांस चढलं. मला तेव्हा फार बरं वाटायचं.

पुढच्या वर्षी गावच्या संताची जत्रा नेमेसियोकडे आली. आमच्याकडे ज्याच्याकडे जत्रा, त्यानेच गावाला खाऊपिऊ घालायचं; हा मान एकट्याला पेलत नाही. नातेवाईक बिअरची खोकी, मेंढ्या, बटाटे आणून देतात. ज्याने दिलं, त्याच्याकडे जत्रा आली की तेवढंच त्याला परत न्यायचं. त्यात कुणी कधी चुकत नाही.

साबिनाला वाटलं, दादाला आता पैशांपेक्षा बिअरच लागणार. म्हणून माझे उरलेले नऊशे तिने बिअरमध्ये घातले. बारा खोकी.

मी भिंतीपलीकडे चरत होते. खोकी उतरली तसा पुकारा झाला, "नेमेसियोची बहीण साबिना! बारा खोकी! वाजवा टाळ्या!" बँड वाजला. वहिनीने तिच्या डोक्यावर रंगीत कागदाचे तुकडे उधळले. 'हे गायीचे आहेत' एवढंच तिला म्हणायचं होतं. पण भावाच्या मानाच्या दिवशी, चारचौघांत, हिशोब कसा काढायचा? ती लाजून हसली.

तीन महिन्यांनी नेमेसियो बायकोला घेऊन दारात आला.

"साबिना, गायीचे नऊशे राहिलेत."

"दिले की, दादा! बारा खोकी!"

"ती मदत. सगळ्या गावाने ऐकलंय. मी नाही म्हणतोय का? तू जत्रा घे, बारा खोकी पाठीवर घालून आणतो."

"मी कशावर घेऊ जत्रा? घरात मीठ नाही."

"मग टाळ्या वाजत होत्या तेव्हा तोंडात काय उकडलेला बटाटा होता?" वहिनी म्हणाली.

"नऊशे नसतील तर मी गाय परत नेतो," नेमेसियो म्हणाला.

"आणि मी आधी दिलेले नऊशे?"

"वर्षभर दूध कुणी ओरपलं?"

गावच्या पंचांनीही तेच सांगितलं. मदत ती मदत, देणं ते देणं. एकातून दुसरं वजा होत नाही. नेमेसियोने माझं दावं सोडलं. रुती माझ्या मागे रडत निघाली, साबिनाने तिला उचलून घेतलं.

आता मला सहा महिने झाले इथे, नेमेसियोच्या कुंपणात. यंदा जत्रा नेमेसियोच्या चुलतभावाकडे आहे, त्याने गेल्या जत्रेत दिलेली वीस खोकी परत करायचीत. ती कुठून आणणार? मला विकून. आज खाटकाचा ट्रक आलाय.

सकाळी साबिना किटली घेऊन आली. रुती तिच्या पाठीवर बांधलेली, मान कलंडलेली. पोरगी बटाट्याच्या पाण्यावर राहते, खोकते. "दादा, शेवटचं काढू दे." त्याने होकाराची मान डोलावली. तिने अगदी शेवटच्या धारेपर्यंत पिळलं, मला दुखलं तरी मी हलले नाही.

मग ती उठली आणि ट्रकवाल्यासमोर, वहिनीसमोर मोठ्याने म्हणाली, "दादा, सगळ्यांदेखत विचारते. हे दूध कशात धरायचं, मदतीत की देण्यात?"

नेमेसियो दाव्याची गाठ सोडवत राहिला.

बायांनो, भावाला देताना लाजू नका. कशाचं देताय ते तिथल्या तिथे बोला. साबिना आज बोलली, पण उशिरा; माझे पुढचे दोन पाय आता ट्रकच्या फळीवर आहेत.