दांड्याची सायकल

माशांचा वास येतो म्हणून कोपरीतले रिक्षावाले माझ्या टोपलीसाठी थांबेनात, तेव्हा मी नवऱ्याची पडून राहिलेली सायकल बाहेर काढली. कॅरियरला टोपली बांधली आणि दारोदार मासळी विकायला लागले.

एकदा भर बाजारात आमच्या कोळीवाड्याचे पंच दामाजीकाका आडवे आले.

"शेवंते, ही पुरुषांची सायकल. बाईमाणसानं मधल्या दांड्यावरून टांग टाकायची? शोभतं काय गो?"

"माझी आय काष्टा मारून होडीत चढायची, काका. तेव्हा शोभलं, मग सायकलवर काय झालं?"

"तोंड चालवू नको! सायकल आता माझ्या दारात राहील." त्यांनी टोपली सोडून खाली ठेवली आणि स्वतःच सायकलवर बसले.

"काका, लुंगी आवरा, चेनीत जाईल!"

"तू मला शिकवणार?"

समोरच्या वडाखालच्या टपरीपर्यंतही पोचले नाहीत. लुंगी चेनीत अशी गुंतली की त्यांना धड उतरता येईना, धड पुढे जाता येईना. एका हातात हँडल, दुसऱ्या हातात कमरेची गाठ. सगळा बाजार हसत होता. मी मासे कापायची सुरी घेऊन गेले आणि अडकलेलं टोक कापून त्यांना मोकळं केलं.

मग टोपली पुन्हा बांधली, त्यांच्यादेखत दांड्यावरून पाय टाकला आणि म्हटलं, "उद्या सायकल न्यायला जरूर या, काका. फक्त काष्टा मारून या."