आप्पांची शुगर

आमच्या घरचा चहा नाकारायचं गावात एक ठरलेलं वाक्य आहे: "आत्ताच झाला." येलदरीच्या बाजूचं आमचं गाव, त्यात आम्ही बौद्ध. माजी सरपंच आप्पाराव निवडणूक आली की ओसरीवर बसत, आईला बहीण म्हणत, आणि कप पुढे आला की त्यांचा चहा आत्ताच झालेला असे. तुमच्या हातचं चालत नाही, असं कुणी कधी म्हणालं नाही. तेवढं सभ्य आहे आमचं गाव. परत आलेला चहा आई स्वतः पिऊन टाकायची, वाया घालवायची नाही.

मागच्या हिवाळ्यात परदेशी टीव्हीवाले आले. हॅना नावाची बाई लोकांना कॅमेऱ्यासमोर बोलतं करायची. मी परभणीत इंग्रजी शिकवते, म्हणून दुभाषी मीच. आमच्या ओसरीवर एका खुर्चीत आई, दुसऱ्या खुर्चीत आप्पा.

"गावात अजून जातपात मानतात का?" हॅनानं विचारलं.

"छे. हे माझंच घर हाय," आप्पा म्हणाले.

अशा वेळी आपल्याकडचा माणूस मान डोलावतो आणि विषय बदलतो. हॅनाला ही रीत कुठून माहीत असणार? तिनं आईनं आणलेला चहाचा कप सरळ आप्पांच्या हातात दिला. म्हणाली, मग सगळे मिळून घेऊ.

कॅमेरा चालू होता. सकाळपासून आप्पा आमच्याबरोबरच फिरत होते, त्यामुळे "आत्ताच झाला" म्हणायची सोय नव्हती. मला मनातून उकळ्या फुटत होत्या. आता एकतर पितील, नाहीतर जगासमोर नाही म्हणतील.

तेवढ्यात आई म्हणाली, "त्यायला शुगर हाय. गोड चालत न्हाई."

आप्पांना कसली शुगर! पण आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूटपणे तेच इंग्रजीत सांगितलं. हॅना ओशाळली. कुणाचा आजार असा चारचौघांत काढणं तिच्याकडे असभ्य. माफी मागत तिनं कप परत घेतला.

टीव्हीवाले गेल्यावर मी आईवर भडकले. "कशाला झाकलंस?"

"पाव्हण्यापुढं गावाची अब्रू काढायची का?" ती म्हणाली. "मान्साची लाज राखावी, रोहिणी. आज राखली, उद्या घरी येऊन पितील."

कार्यक्रम सगळ्या गावानं मोबाइलवर पाहिला आणि आप्पांचे हाल सुरू झाले. लग्नाच्या पंगतीत जिलेबी वाढणारे त्यांना वगळून पुढे जायला लागले. जो तो कारल्याचा रस सुचवू लागला. सुनेनं साखरेचा डबा उचलून ठेवला. शेवटी आप्पा आमच्या ओसरीवर आले.

"सुलाबाई, तुमीच सांगा लोकायला. मला शुगर-बिगर काई न्हाई."

"सांगते की," आई म्हणाली. तिचा चेहरा उजळला. आत जाऊन तिनं भरपूर साखर घालून चहा केला, नवा कप काढला. "घ्या. सांगते सगळ्यायला, माज्या डोळ्यादेखत आप्पा गोड चहा पेले, काई झालं न्हाई."

आप्पा कपाकडे बघत राहिले. चहावर साय धरली.

"आत्ताच..." म्हणाले आणि थांबले. मग उठून चपला पायात सरकवल्या. "ऱ्हाऊ द्या, सुलाबाई. शुगर हाय असंच म्हना."

ते गेल्यावर आईनं कप उचलला आणि चहा मोरीत ओतला.