दोन तोंडांची पाटी

आमच्या टेंपोला दोन तोंडांची पाटी हाय. एका अंगाला कानडीत देवाचं नाव, दुसऱ्या अंगाला मराठीत ‘जय शिवराय’. काचंच्या वर दोन हूक हाईत, त्यात ती अडकवायची. बेळगावातनं कोल्हापूरला माल न्यायचा तर हद्दीवरच्या दूधगंगेच्या पुलाअलीकडं थांबायचं, खाली उतरून पाटी फिरवायची. येताना परत फिरवायची. आमच्या गल्लीतले सगळे डायवर असंच करतात. ह्यात लाज कसली? पोट भरायचं हाय.

तीन वरसांमागं डिसेंबरात सीमेवरनं पेटलं. माझा नवरा भावकू पहाटं रताळी भरून गेलते. पूल ओलांडला आनि टोळक्यानं टेंपो अडवला. वर कानडी पाटी, खाली कर्नाटकाचा नंबर. काच फोडली, ह्यांना ओढून खाली पाडलं, रताळी रस्त्यावर वतली. ते मराठीत शिव्या घालत हुते आनि हे मराठीतनंच वरडत हुते, “अरं, मी तुमचाच हाय रं!” कोण ऐकतंय?

कपाळाला सात टाके पडले. ते पंधरा दिवसांत सुकले. पण माणूस काय जाग्यावर आला न्हाय. शेजारी बांधकामाची खडी वतली तरी हे उठून न्हाणीत जाऊन कडी लावायचे. डोळ्याला डोळा न्हाय. तोंडात एकच, “आंबे, मी पाटी फिरवली हुती गं. का न्हाय फिरवली? माझा हातच मला सांगंना झालाय.”

टेंपो दारात उभा आनि घरात पैसा बंद. मी अंबुबाई, जन्मात शेताबाहेर कामाला गेले न्हवते, ती काजूच्या फॅक्टरीत जायला लागले. टरफलांच्या तेलानं बोटांची सालं निघाली. लोक म्हणाले, बाहेरचं हाय. मी देवाला गाऱ्हाणं घातलं, कोंबडं दिलं. कोंबडं गेलं, दुखणं तिथंच. शेवटी ह्यांना घेऊन बेळगावच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाईचं नाव अनुराधा. तिनं सगळं ऐकून घेतलं आनि म्हणाली, “हे भूत नाही आणि भित्रेपणाही नाही. मनाला मार लागलाय. गोळ्या घ्या. आणि ज्याची भीती वाटते तिकडं थोडं थोडं जायचं. आधी नुसतं टेंपोत बसायचं.”

भावकी हसली. “भावकूला येड्याच्या डॉक्टरकडं नेलं म्हणं.” मी म्हणाले, “दात दुखला तर दाताच्या डॉक्टरकडं जातासा न्हवं? मग गप बसा की!”

महिनाभर हे नुसते टेंपोत बसले. मग गावच्या कमानीपर्यंत. मग बेळगाव. सहा महिन्यांनी निपाणी गाठली, तवा मी शेजारी बसून पोरीगत टाळ्या वाजवल्या. पण पूल काय ओलांडंना. तीनदा गेलो, तीनदा फिरून आलो. पाटी हुकातनं काढली की हे परत लावून टेंपोत येऊन बसायचे. आनि कोल्हापूरचा बाजार न्हाय तर टेंपो ठेवून काय पुजायचाय? गल्लीतल्या भरमूनं टेंपो इकत मागितला. सोमवारी न्यायला येणार हुता.

शुक्रवारी निपाणीच्या श्रीपाल अण्णांचा फोन. जुने व्यापारी, देवमाणूस. म्हणाले, “शिवरात्रीला कोल्हापुरात रताळी पायजेत. भावकू येतोय का? न्हायतर दुसऱ्याला सांगतो.” मी ह्यांना इचारलंच न्हाय. “येतोय,” म्हणून फोन ठेवला.

आता एक गोष्ट सांगते. ती मी डॉक्टरीणबाईला बी सांगितली न्हवती.

शनिवारी माल भरून गेलो. पुलाअलीकडं टेंपो थांबला. हे उतरले, पाटी हुकातनं काढली आनि तशीच धरून उभे ऱ्हायले. ह्या तोंडाकडं बघतात, त्या तोंडाकडं बघतात. “आंबे, मागं जाऊया. भरमूला देऊन टाकूया टेंपो.”

मी पाटी हातातनं काढून घेतली. “आत बसा. ऐकायचं हाय तुमाला.”

बसले.

“त्या दिवशी तुमी पाटी फिरवली हुती,” मी म्हणाले. “आदल्या दिवशी अवस हुती. पूजेला टेंपो मी धुतला. पाटी काढून पुसली आनि परत लावली. उलटी लावली, मराठी तोंड बाहेर. तुमी पहाटं अंधारात गेलासा, पुलाजवळ न बघता सवयीनं फिरवलासा. तिथं ती कानडी झाली. तुमचा हात बरोबर हुता. चुकले मी. त्यांनी नंबर बघून बी मारलं असतं, ते मला ठावं न्हाय. पण पाटी मी चुकवली. आनि भ्याले म्हणून दोन वरसं तोंड उघडलं न्हाय.”

मला वाटलं, आता रडतील. पण डोळे लाल झाले, जबडा आवळला.

“दोन वरसं,” हे म्हणाले. “दोन वरसं मी माझ्या हाताला शिव्या घालतोय. माझं डोकं फिरलंय म्हणून गोळ्या गिळतोय. आनि तू शेजारी झोपत हुतीस?”

“व्हय.”

“उतर खाली.”

“अवो...”

“उतर म्हणतोय न्हवं!”

उतरले. पाटी हातातच. म्हटलं, संपलं, आता टेंपो बी गेला आनि माणूस बी. तवर ह्यांनी चावी मारली, गेर टाकला, आनि मला रस्त्यावर टाकून टेंपो सरळ पुलावर घातला!

मध्यावर गेल्यावर मागचं लाल लाइट लागलं. मी मोठ्यानं वरडले, “थांबू नगासा!” एवढ्या लांब काय ऐकू जातंय? पण लाइट विझलं. टेंपो पल्याड गेला, कडंला लागला. मग हॉर्न वाजला. परत वाजला. सोडंनातच.

मी पाटी काखंत मारून पूल चालत ओलांडला. शेजारनं गाड्या सणासणा जात हुत्या, आनि मी रडत बी हुते, हसत बी हुते. बघणाऱ्याला वाटलं आसंल, बाई येडी हाय.

ह्यांचा शर्ट घामानं चिप्प हुता. हातानं स्टेरिंग अजून सोडलं न्हवतं. माझ्यावरचा राग बी गेला न्हवता. तो जायला पुढं लई महिने गेले, आनि गोळ्या अजून चालू हाईत.

मी खालनंच इचारलं, “कुठलं तोंड लावू?”

त्यांनी पाटीकडं बघितलं. मग माझ्या बाजूच्या सीटकडं बघितलं, तिचा फोम फाटून स्प्रिंग वर आल्या हुत्या.

“लावू नगो,” हे म्हणाले. “बुडाखाली घाल आनि बस. बाजार उठंल.”