मागच्या खोलीतली संस्था

माझं डोकं लवकर तापतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी ते कॉम्प्युटरवर तापलं. चार वाजता माझा इंटरव्ह्यू होता. वॉशिंग मशीनच्या कंपनीत गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकून घ्यायचं काम, तेही घरी बसून. मी काम करायची ते दुकान बंद पडल्यापासून वर्षभर भिंतींशी बोलत होते. ही नोकरी हातची गेली असती तर त्याच भिंतींवर डोकं आपटून घेतलं असतं. आणि सकाळी कॅमेरा चालू करून बघावा म्हटलं, तर ब्राउझर नाही म्हणाला.

तेही अगदी सभ्यपणे. कॅमेरा, मायक्रोफोन, सुरक्षेची सगळी बटणं राखाडी, प्रत्येकाशेजारी चिमुकलं कुलूप आणि खाली एक ओळ: ही सेटिंग तुमची संस्था सांभाळते.

कुठली संस्था? घरात माणसं तीन, मी, नवरा आणि सासरे. तिघांचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मला तरी आठवत नाही.

नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. माझ्यासाठी त्याने सुट्टी घेतली होती. त्याने कॉम्प्युटर बंद करून चालू केला, ब्राउझर काढून परत घातला, मग दुसराच ब्राउझर आणला. त्यातही तेच कुलूप. शेवटी त्याने माऊस उलटा करून पाहिला, कशासाठी ते त्यालाच ठाऊक. मग हात टेकले आणि कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याला बोलावून आणलं.

त्याने पहिलं विचारलं, हे मशीन आलं कुठून? बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या ऑफिसातून, मी म्हटलं. ते ऑफिस बंद झालं तेव्हा बाबा हे मशीन घेऊन घरी आले. कॉम्प्युटरवाला म्हणाला, मग ऑफिसचे नियम अजून आतच बसलेत, ते फक्त अ‍ॅडमिनिस्ट्रेटर उठवू शकतो. त्याने दोन-चार बटणं दाबली, स्क्रीनवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं नाव आलं आणि नवऱ्याने कपाळावर हात मारला. नाव बाबांचं होतं.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. ते रोज दहाला शर्ट-पँट आणि बूट घालून मागच्या खोलीत जातात. एकला जेवायला बाहेर येतात, साडेपाचला "आलो गं" म्हणत घरी येतात, मागच्या खोलीतून. आम्हाला वाटायचं, शब्दकोडी सोडवत असतील. कोण विचारायला जातंय?

मी तरातरा आत गेले. बाबा टेबलामागे ताठ बसले होते. मला म्हणाले, "बसा." एरवी मला अगं-तुगं करणारा माणूस. मी कॅमेऱ्याचं सांगितलं. त्यांनी शांतपणे समजावलं की कॅमेऱ्यावर बंदी जुनी आहे. एका मीटिंगमध्ये हिशेबनीस घोरताना सगळ्या ऑफिसाला दिसला, तेव्हापासून. सवलत फक्त कर्मचाऱ्यांना, आणि मी कर्मचारी नव्हते. मी म्हटलं, बाबा, माझा जीव टांगणीला लागलाय. ते म्हणाले, या खोलीत कोणी बाबा नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात एक वाजला. साहेब उठले, बाहेर आले, हात धुतले आणि ताटावर बसता बसता बाबा झाले. "आज इंटरव्ह्यू ना गं तुझा? अजिबात घाबरू नकोस." मी म्हटलं, कॅमेरा बंद आहे. त्यांना खरंच वाईट वाटलं. पण म्हणाले, ऑफिसचं घरात आणायचं नाही, ही तुझ्या सासूची अट होती. सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली. मी त्यांना आणखी आमटी वाढली.

जेवणानंतर केस विंचरले, चांगली साडी नेसले आणि मागच्या खोलीचं दार वाजवलं. आत येऊ का, साहेब? म्हटलं, मला तुमच्या ऑफिसात नोकरी हवी आहे. बाबांनी पेनाचं टोपण काढलं. नवरा आणि कॉम्प्युटरवाला दारात उभे राहून बघत होते. काय काम येतं, असं बाबांनी विचारलं आणि माझा बांध फुटला. म्हटलं, तक्रारी ऐकते. पंखा जोरात आहे, पंखा हळू आहे, पेपरची घडी चुकली, चहा निवला, सगळं तुमचंच ऐकते, वर तुमच्या मुलाचं ऐकते, आजवर एकालाही उपाशी किंवा विन्मुख पाठवलेलं नाही.

बाबा खाली मान घालून ऐकत राहिले.

"उमेदवार उत्तम आहे," ते म्हणाले. "पण ऑफिसात जागा एकच आहे, आणि तिच्यावर मी आहे."

बाबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कॉलरचं बटण लावलं आणि म्हणाले, जागा रिकामी करता येईल. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर निवृत्त झाला की सगळे निर्बंध उठतात, तसा नियमच आहे. मात्र निरोप समारंभ झाल्याशिवाय कोणी निवृत्त होत नाही. मागच्या वेळी तो राहूनच गेला होता. ऑफिस घाईघाईत बंद झालं आणि मशीन त्यांना वॉचमनने फाटकावर दिलं होतं.

हे आम्हाला त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं.

मग आम्ही बाहेरच्या खोलीत ओळीने उभे राहिलो. दोन शब्द मी बोलायचे ठरलं. मला उरकायची घाई होती, घड्याळ चारकडे पळत होतं. पण साहेब एक दिवस उशिरा आले नाहीत, एवढंच म्हटलं आणि टाळ्या वाजवायला लागले. सगळ्यात जास्त टाळ्या कॉम्प्युटरवाल्याने वाजवल्या, सकाळचीच ती काय ओळख. मग बाबांनी एका बोटाने लांबलचक पासवर्ड मारला आणि कुलपं एकेक करून गेली.

इंटरव्ह्यूत कंपनीवाल्यांनी विचारलं, हट्टी माणसांशी संयमाने वागता येईल का? नवरा तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाला. नोकरी मिळाली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता बाबा घरच्या कपड्यांत जेवणाच्या टेबलाशी बसले होते. बूट दाराजवळ, पॉलिश केलेले. पेपर उचलला, ठेवला. मला विचारलं, या वेळेला लोक काय करतात गं? मला ते बघवेना.

कॉम्प्युटरवर माझ्या कंपनीचा प्रोग्राम चढत होता. मधेच त्याने विचारलं, या मशीनची सुरक्षा कोण सांभाळणार, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं नाव घाला. मी माझं घालू शकले असते. बोटं थांबली. उठले आणि बाबांसमोर जाऊन उभी राहिले.

"साहेब, एक जागा निघाली आहे."

बाबा ताठ बसले. "इंटरव्ह्यू कधी?"

"आत्ता."

"मग बूट घालून येतो," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, आणि माझे कोरडे होते असं काही नाही.

नेमणूक झाली. साहेबांनी एका बोटाने नवा पासवर्ड घातला, नियम लावले आणि मागच्या खोलीत गेले. दुपारी एक गिऱ्हाईक कानात ओरडत होतं, मशीन गळतंय, घरभर पाणी झालंय, आणि माझा आवाज त्याला जाईना. बघते तर मायक्रोफोनशेजारी कुलूप. धावत जाऊन मागच्या खोलीचं दार वाजवलं.

आतून आवाज आला, बाहेर थांबा, नंबर आला की बोलावतो. रांगेत मी एकटीच होते. थांबले.